बेदोबा

दोन जानेवारी. आमच्या कुताईसीत आज बेदोबा.
आज जे कराल तेच वर्षभर करत राहाल, आई म्हणायची,
आणि दिवसभर आम्हा बहिणींना रडू द्यायची नाही,
भांडी घासू द्यायची नाही,
उसनं मागायला तर मुळीच जाऊ द्यायची नाही.

मी मात्र सकाळपासून माझी वेबसाइट उघडून बसलेय.
लामझिरा ग्वेलेसियानी, कथालेखिका.
फोटोत केस काळे, मागे रिओनी नदी,
आणि खांद्यावर एक हात, ज्याचा माणूस कातरून टाकलाय.
(बातुमीत असतो आता. बरा आहे, म्हणतात.)

शेजारच्या उचानं बांधून दिली होती, बारा वर्षांपूर्वी,
घरच्या वाइनचा एक कॅन
आणि एका शिफारसपत्राच्या बदल्यात.
जांभळ्या रंगावर पिवळी अक्षरं.
"मावशी, कशी डोळ्यांत भरतेय बघ," म्हणाला.
भरली खरी. अजून चुरचुरतेय.

तर यंदा
जांभळा जाईल.
तो हात जाईल.
"पुरस्कार" हे पान जाईल, त्यावर एकच ओळ आहे
आणि ती देणाऱ्या संस्थेच्या जागी आता दातांचा दवाखाना.
कथा सालवार लावीन.
नको, सालवार नको,
मधलं सहा वर्षांचं भगदाड दिसेल.
ऋतूंप्रमाणे लावीन.
ऋतूंना कोणी विचारत नाही
इतके दिवस कुठे होतात म्हणून.

राहता राहिलं "आगामी".
आगामीत एक कादंबरी आहे.
तिच्या नावाखाली उचानं माझ्याच सांगण्यावरून लिहिलंय: लवकरच.
हे लवकरच पोटचं असतं
तर एव्हाना सहावीत असतं, गणितात कच्चं,
आणि मला उलट उत्तरं देत असतं.
याला पहिलं पुसायचं, असं ठरवून
चष्मा पुसला.

तेवढ्यात नानुलीचा फोन, बारीहून.
सात वर्षं झाली तिला इटलीत,
एका म्हाताऱ्याचं हवं-नको बघते.
"यंदा तुझी मेकव्ले मी," म्हणाली.
मेकव्ले म्हणजे वर्षातलं घरात पडणारं पहिलं पाऊल;
ज्याचा पायगुण चांगला त्यालाच बोलावतात,
तो उंबऱ्यातून मिठाई उधळत येतो.
मी म्हटलं, तू कुठून येणार?
"तुझ्याकडे बारा वाजले तेव्हा इथे नऊ.
म्हातारा सूप पीत होता.
मी फोनवर तुझं पान उघडलं.
खाली येतं ना, या वर्षीचे पाहुणे:
एक.
ती मी."

अंगठ्याला पायगुण असतो का गं, मी विचारलं.
ती हसली. मग म्हणाली,
कथा काही वाचता येत नाहीत त्या पिवळ्यात,
पण दरवर्षी आगामीत जाऊन येते.
"अजून लवकरच आहे, बघितलं.
बरं वाटलं.
इथे मला कोणी लवकरच म्हणत नाही.
एजन्सीवाली म्हणते, बघू."

फोन ठेवल्यावर बराच वेळ
खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळत घातलेलं ब्लँकेट पाहत बसले,
थंडीनं पत्र्यासारखं कडक झालेलं.

आज पुसत बसले तर वर्षभर पुसतच बसेन.
रंग तेवढा बदलला. पांढऱ्यावर काळं,
अक्षरं मोठी, बारीच्या स्वयंपाकघरात
सूप ढवळता ढवळता दिसतील एवढी.
हात राहिला खांद्यावर.
पुरस्कारही राहिला, दवाखान्याच्या आशीर्वादानं.

मग दुसरीच एक फाइल उघडली,
जिचं नाव उघडताना मला आठवेना.
कीबोर्डवर गोझिनाकीचा मध सांडलाय,
परवा अक्रोड कुटताना.
स्पेसबार चिकटतो. शब्दाशब्दांत आज
हवी त्याहून जास्त जागा पडतेय.
बेदोबा आहे, म्हणजे वर्षभर पडणार.
पडू दे.